रेघ दिसता कामा नये

गडहिंग्लज

चि. सायली हिस,


तू कापलेल्या केसांचे फोटो पाहिले. कानाच्या वर बोटभर अंतरावर ती आडवी काळी रेघ राहिली आहे, तिच्यावरून तू दोन दिवस जेवली नाहीस असं ताई म्हणाली. जेवत जा. एक नंबर लावला, दोन लावला, पुन्हा एक लावला, तरी जात नाही म्हणतेस. जाणार नाहीच. ती नंबरानेच आली आहे, पुन्हा तेच नंबर फिरवून कशी जाईल?

नंबर म्हणजे काय ते आधी नीट बघ. मशीनच्या पात्यावर चढवायच्या गार्डांची मापं मुळात इंचातली. एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. एकवरून दोनवर गेलीस की केस एकदम दुप्पट लांब राहतो; तीनवरून चारवर जाताना मात्र वाढ तिसऱ्या हिश्शाचीच. म्हणून फेडचं, म्हणजे खालून वर हळूहळू लांब होत जाणाऱ्या कटचं, सगळं दुखणं खाली, शून्य आणि दोनच्या मधे. वर थोडं चुकलं तर कंगव्याने झाकतं. खाली झाकायला काही नसतं. त्या मधल्या जागेसाठीच मशीनच्या बाजूला लिव्हर दिलेला आहे. बंद केला की पातं आखूड कापतं, उघडला की लांब. तुमच्या क्लासमध्ये ‘लिव्हर उघडा, लिव्हर बंद’ एवढंच घोकून घेतात असं दिसतं. उघडा आणि बंद यांच्यामधे तुझ्या अंगठ्याखाली जी जागा आहे, खरं काम तिथं.

आता तुझी रेघ. आधी ट्रिमरने खालची सीमा आखून घे. तिच्यावर बोटभर पट्टा गार्ड न लावता, लिव्हर पूर्ण उघडा ठेवून. त्याच्यावर आणखी बोटभर पट्टा एक नंबरने, लिव्हर उघडा. दोन रेघा दिसतील, दिसू देत. वरची काढायला एक नंबर तसाच ठेवून लिव्हर बंद कर. मग अर्धा नंबर, उघडा. मग अर्धाच, बंद. प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा खालीच थांबायचं, वर चढायचं नाही. तू नेमकी वर चढली आहेस. रेघ जाईना म्हणून घाबरून वर जातेस, रेघ तुझ्याबरोबर वर सरकते आणि लो फेड मागणाऱ्याला हाय फेड मिळतो. खालची रेघ गार्डशिवाय, लिव्हर अर्धवट ठेवून, पात्याच्या कोपऱ्याने टिपायची. पूर्ण पातं तिथं टेकवायचंच नाही.

आणि मनगट. मशीन कवटीवरून सरळ वर नेत राहिलीस तर जिथं थांबशील तिथं पायरी पडणार. पट्टा संपायच्या आत ते डोक्यापासून सोडवून घ्यायचं. भाकरी थापताना कडेला बोटं हलकी पडतात ना, तसं. हे डमीवर शिकता येतं. डमीवर शिकता येतं ते एवढंच. तिचे केस एकसारखे पेरलेले. तिला भोवरा नाही, लहानपणी पडल्याची खोक नाही, मानेवर उलटे वाढणारे केस नाहीत. खऱ्या डोक्यात मागे हाडाचा उंचवटा असतो आणि त्याच्याखाली खळगा. दोन्हीकडे एकच नंबर मारलास तरी खळग्यात सावली धरते, तिथं काळं दिसतं आणि उंचवट्यावर उजळ. मग खळग्यात थोडं जास्त काढायचं, उंचवट्यावर थोडं राखायचं. मापाने दोन्ही वेगळं, बघणाऱ्याला सारखं. हे मशीनला कळत नाही, म्हणून पहिल्यांदा कोरड्या हाताने डोकं चाचपून घे. गिऱ्हाईक हसेल, हसू दे.

तू व्हिडिओ बघून शिकतेस याला माझी ना नाही. फक्त ते कुणाच्या डोक्यावर चाललंय ते बघत जा. अमेरिकेत फौजी कटमध्ये बाजू आखूड ठेवायची रीत होतीच. तिथल्या कृष्णवर्णीय न्हाव्यांनी आपापल्या दुकानांत तिला एवढं बारीक वळण दिलं, आणि १९८०च्या दशकात हिप-हॉपच्या पोरांनी उंच फेड जगाला दाखवला. तिथला दाट कुरळा केस कवटीला बिलगून असतो, पट्ट्यात पट्टा मिसळतो. आपला केस सरळ, जाड, काळाभोर. तो उभा राहतो, आणि आखूड झाला की मागचं कातडं लगेच उघडं पडतं. तिथले नंबर जसेच्या तसे लावलेस की मधेच पांढरा पट्टा दिसतो. आपल्या गिऱ्हाइकाला मधला पट्टा रुंद घे, आणि वरचा भार कंगव्यावर कात्री चालवून काढ.

कंगव्यावर कात्री चालवणं जुनं झालं असं तुझ्या सरांचं मत असेल, तर ते त्यांच्याजवळ ठेवू देत. तुझ्या पणजोबांच्या धोकटीत वस्तरा, कात्री आणि हातमशीन एवढंच होतं. हातमशीन दाबता दाबता केस ओढायचं, पोरं फळीवर बसून रडायची. विजेचं क्लिपर अमेरिकेतल्या स्टर्लिंग गावी लिओ वॉलच्या कारखान्यात १९१९ पासून बनत होतं, पण आमच्या गल्लीला त्याचं काय? भरतीला निघालेल्या पोरांचे मिलिटरी कट मी तसल्याच हत्यारांवर शिकलो. मानेवर रेघ राहिली तर वडील काही बोलायचे नाहीत, कात्री काढून घ्यायचे.

फेडच्या आधी टेपर पक्का कर. टेपरमधे फक्त कल्ले आणि मानेकडचा भाग उतरता घ्यायचा, कानामागचे केस तसेच ठेवायचे. दिसायला किरकोळ, पण बँकेतला, मास्तर, नवरदेवाचा बाप, सगळे तेच मागतात, फक्त त्याला टेपर म्हणत नाहीत. ‘बारीक नको, पण साफ दिसू दे’ म्हणतात. ते वाक्य ऐकलं की टेपर. आणि मोबाइलमधे फुटबॉलवाल्याचा फोटो दाखवणाऱ्याला आधी त्याच्या कपाळाकडे बघून सांग, हा फोटो तुला कितपत जमेल. फोटोतल्या कल्ल्यांवर पावडर मारलेली असते, वर गोल दिवा लावलेला असतो. ते त्याला माहीत नसतं, तुला असायला हवं.

दिव्यावरून आठवलं. फोटोत तुझ्या खुर्चीवर फक्त छतावरची ट्यूब दिसते. वरच्या उजेडात कानाच्या बाजूची रेघ कधीच नीट दिसत नाही, बाजूने उजेड घे. शंका आली तर मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढ, गडद ठिकाण लगेच कळतं. तेल लावून आलेल्या डोक्यावर मशीन लावायचं नाही. तेलाने केस चिकटतात, वाळल्यावर उठतात आणि संध्याकाळी घरी बायकोला रेघ दिसते. आधी धुवायचं.

पाती प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ब्रशने झाडून औषधाने पूस, आणि त्याच्यासमोर पूस. नायटा मशीनवरून एका डोक्यावरून दुसऱ्यावर जातो. मानेवर चट्टा दिसला तर गोड बोलून परत पाठव, पैसे गेले तरी चालतील. वस्तऱ्याचं पातं दर माणसाला नवं, हे तुला सांगायची गरज नाही. ट्रिमर तापतो, अधूनमधून आपल्या मनगटाला लावून बघ.

ताईचं म्हणणं फोनवर ऐकलं. पोरीने पुरुषांच्या माना धरायच्या का, म्हणाली. तिला म्हटलं, आपल्याच तालुक्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव तुला माहीत नाहीत का? १९८४ साली नवरा गेला, पदरात चार पोरी, त्यांनी नवऱ्याचा वस्तरा उचलला. माणसांच्या दाढ्या केल्या, म्हशीसुद्धा भादरल्या. पहिल्यांदा गावात नावं ठेवणारे पुढं त्यांच्यासमोरच गाल फुगवून बसले. ताई गप्प झाली. पटलं म्हणून की माझ्यापुढे बोलायचं नाही म्हणून, ते तू बघ. तिला तुझा एखादा चांगला टेपर दाखव. फेड दाखवू नकोस, डोक्याला काय झालंय विचारेल.

दिवाळीत येशील तेव्हा सोमवार धरून ये, दुकान बंद असतं. भरतीची तयारी करणारी चार-पाच पोरं बोलावून ठेवतो; फुकट म्हटल्यावर रांग लावतील. तुझं मशीन आण, माझं तुला जड जाईल. आणि नंबर ताईसमोर मोठ्याने बोलू नकोस, तिला वाटतं तू पोरांचं टक्कल करतेस.

तुझा,
मामा