बैल परत करावेत

पेडणे आणि बार्देश यांच्यामधून शापोरा नदी वाहते. १६६७ साली ती दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पेडणे, डिचोली हा शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतलेला मुलूख, पलीकडे पोर्तुगिजांचं बार्देश. लखम सावंतांसारखे महाराजांवर बिथरलेले वतनदार देसाई पोर्तुगिजांच्या आसऱ्याला गेले आणि तिथून इकडे उपद्रव देऊ लागले. त्या नोव्हेंबरात मराठी फौज बार्देशात उतरली. कोलवाळ लुटलं गेलं, माणसं धरून आणली गेली. आपल्या राजाची फौज होती म्हणून कोलवाळच्या बायकांचा आकांत कमी मानावा, असं मला कधीच वाटलं नाही.

डिसेंबरात महाराज आणि गोव्याचा विजरई यांच्यात तह झाला. देसायांना आवर घालायचं पोर्तुगिजांनी कबूल केलं. मला मोलाचं वाटतं ते दुसरं कलम: धरलेली माणसं, बायकामुलं, गुरं आणि बैल खंडणी न घेता परत करावेत. बैल! वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, नांगरणीचे ते दिवस. बैल वेळेवर आला नाही तर पुढचं पीक गेलं, आणि कुळाच्या घरात पावसाळा सरेपर्यंत भात नाही. दोन दरबारांच्या कागदावर गोठ्यातलं जनावर आलं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्याच काळात, बांगलादेश युद्धानंतर, जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैद्यांच्या परतीची वाट मोकळी व्हायला ऑगस्ट १९७३चा दिल्ली करार यावा लागला. तोवर दोन्हीकडच्या घरांनी काय सोसलं असेल!

तहानंतर वर्षभरात, नोव्हेंबर १६६८ मध्ये, महाराजांनी डिचोलीतल्या नार्व्याला सप्तकोटीश्वराच्या देवळाचं काम सुरू केलं. या देवाचं मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगिजांनी पाडलं होतं.

देवळांचा प्रश्न पुढे १७८८च्या तहातही आला, पण तो तह वेगळा. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पेडणे पोर्तुगिजांना दिलं. देवळांना, चालीरीतींना हात लावणार नाही, असं पोर्तुगिजांनी कबूल केलं होतं. पेडण्याची भगवती आपल्या जागी राहिली, याचं श्रेय त्या वचनाला द्यायलाच हवं. मात्र ज्यांची शेतं, घरं या सौद्यात गेली, त्या रयतेला कुणी विचारलं नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे १७३ वर्षं, पेडणे पोर्तुगिजांकडेच राहिलं.