लॉगिन कुठे तपासायचं?

तेंदूचा हंगाम तोंडावर आला होता. गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांची हिशेबाची वेबसाइट तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला आली. मी चंद्रपुरात पीएचपीची कामं करतो. धानोरा तालुक्यातून आलेले ग्रामसभेचे सचिव बसायच्या आधीच बोलले, "सर, आमच्या गावचा आकडा दुसऱ्या गावाले दिसते. असं कसं जी?"

गावाचा हिशेब गावात झाकलेला नसतोच, तो भर ग्रामसभेत वाचला जातो. पण पेसा कायद्याच्या 2014 च्या नियमांनंतर अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा तेंदूपानं स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची गोणी, आणि गोणीमागे कंत्राटदाराशी ठरणारा दर. शेजारच्या गावाने किती दरावर मान्य केलं हे कंत्राटदाराला आधीच कळलं, तर घासाघीस करायला काही उरतच नाही. सचिवांचा राग त्यासाठी होता.

वेबसाइट कोडइग्नायटर तीनवर बांधलेली. हे फ्रेमवर्क 2006 मध्ये अमेरिकेतल्या एलिसलॅबने काढलं आणि 2014 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे गेलं. स्वस्त होस्टिंगवरही चालतं, म्हणून आमच्याकडची बरीच जुनी कामं त्यावरच आहेत. आधीच्या कारागिराने प्रत्येक कंट्रोलरच्या सुरुवातीला लॉगिन तपासणाऱ्या त्याच चार ओळी चिकटवल्या होत्या. पुडे मोजणीत होत्या, मजुरीत होत्या. नंतर कुणीतरी गोण्यांच्या वाहतुकीचं पान जोडलं, त्यात त्या राहून गेल्या. भोक तिथे होतं.

चार ओळी तिथेही चिकटवून मोकळं होता आलं असतं. पण पुढच्या हंगामात आणखी एक पान येणार, हे ठरलेलं. म्हणून मूळ कंट्रोलरच वाढवायचं ठरवलं. फ्रेमवर्कच्या 'सिस्टिम' फोल्डरला हात लावायचा नाही, कारण नवी आवृत्ती टाकली की तो पुसला जातो. 'ॲप्लिकेशन'मधल्या 'कोअर' फोल्डरात 'माय_कंट्रोलर' नावाची फाईल करायची, तिच्यात 'सीआय_कंट्रोलर'ला एक्स्टेंड करायचं. 'माय_' हा उपसर्ग कॉन्फिग फाईलमध्ये ठरतो. फाईलच्या नावातली लहान-मोठी अक्षरं बरोबर हवीत. विंडोजच्या लॅपटॉपवर चूक खपून जाते, लिनक्स सर्व्हरवर फाईल सापडतच नाही. आणि कन्स्ट्रक्टर लिहिला, तर त्यात आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर बोलवावा लागतो. नाही तर 'लोड' रिकामा राहतो आणि पान उघडण्याआधीच एरर येते.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या पोराला वाटलं, लॉगिनची तपासणी थेट माय_कंट्रोलरमध्ये टाकली की झालं. मी त्याला करून बघ म्हटलं. लॉगिनचं पानही त्याच क्लासमधून निघालेलं. लॉगिन नाही म्हणून ते लॉगिनकडे पाठवतं, तिथे पुन्हा लॉगिन नाही, पुन्हा पाठवतं. शेवटी ब्राउझर कंटाळून थांबतो. शिवाय लिलावाची नोटीस सगळ्यांना दिसायला हवी, तिला लॉगिन कशाला? मग आम्ही दोन पायऱ्या केल्या. माय_कंट्रोलरमध्ये फक्त भाषा आणि पानाचा सांगाडा. त्याखाली 'गाव_कंट्रोलर', त्यात लॉगिन आणि सेशनमधून घेतलेला गावाचा क्रमांक. आधी हा क्रमांक पत्त्याच्या ओळीत असायचा, कुणीही बदलून बघावा! फ्रेमवर्क आपणहून फक्त उपसर्गाची फाईल उचलतं, म्हणून दोन्ही क्लास त्याच एका फाईलमध्ये ठेवले.

खरी मेख मात्र पुढे होती, आणि तिच्याकडे फार कमी लोक बघतात. गावाचा ताळेबंद काढणारं फंक्शन सगळ्या पानांना लागतं, म्हणून ते पोराने माय_कंट्रोलरमध्ये ठेवलं, पब्लिक म्हणून. कोडइग्नायटरमध्ये कंट्रोलरचं पब्लिक फंक्शन म्हणजे थेट पत्ता. सीआय_कंट्रोलरची स्वतःची फंक्शनं फ्रेमवर्क अडवतं, पण आपण मध्ये घातलेल्या क्लासची अडवत नाही. नोटिशीचं पान विनालॉगिन, आणि तेही त्याच क्लासमधून निघालेलं. त्याच्या पत्त्यापुढे फंक्शनचं नाव लिहिलं की ताळेबंद उघडा! दार लावलं आणि खिडकी तोडली, असा तो प्रकार. 'पब्लिक'च्या जागी 'प्रोटेक्टेड' लिहिलं, तेव्हा तिथे 404 आलं. शिवाय ताळेबंद गाव_कंट्रोलरमध्ये हलवला. नोटिशीच्या पानाला त्याची गरजच नव्हती.

पुढे एका तालुक्याने मजुरीच्या याद्यांचा हिशेबही याच क्लासमध्ये घालायला सांगितला. मी नाही म्हणालो. गावागणिक बदलणारी गोष्ट सगळ्यांच्या क्लासमध्ये ठेवली, तर त्यात नुसते 'जर अमुक गाव असेल तर' साठत जातात. ती मॉडेलमध्ये गेली.

आज नवं काम सुरू करत असाल तर कोडइग्नायटर चार घ्या. 24 फेब्रुवारी 2020 ला आलेल्या या आवृत्तीत 'बेसकंट्रोलर' तयारच मिळतो, उपसर्गाची भानगड नाही. त्यात कन्स्ट्रक्टरऐवजी 'इनिटकंट्रोलर' वापरा. लॉगिनची तपासणी मात्र तिथे टाकू नका, तिथून रीडायरेक्ट परत केला तरी तो लागू होत नाही. त्यासाठी फिल्टर आहेत. आणि आपल्या बेस क्लासमधलं प्रत्येक 'पब्लिक' एकदा तपासून घ्या.