नांव लिहिण्यापूर्वीं

माणसाच्या हातून रागाच्या भरांत जितकीं दुष्कृत्यें होतात, त्यांहून अधिक सद्धेतूच्या भरांत होतात कीं काय, अशी शंका अलीकडे आम्हांस येऊं लागली आहे. रागानें केलेल्या कृत्याचा पश्चात्ताप निदान लौकर होतो. पण 'मुलांच्या भल्यासाठींच केलें' असें म्हणून जें केलें जातें, त्याचा हिशेब मागावयास कोणी येत नाहीं. आणि आपलें मनही तो मागत नाहीं. असा एक न मागितलेला हिशेब आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. सांगलींतील एका शाळेच्या पालकसंघांत आम्ही होतों. शाळेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोष आहे तो आमचा आहे. एका सभेंत एका बाईंनीं सांगितलें कीं, त्यांच्या शेजारच्या दुसरींतील मुलीनें 'गाडीवाल्या काकां'विषयीं घरीं असें कांहीं सांगितलें कीं, आईच्या हातापायांतलें बळच गेलें. सभा स्तब्ध झाली. मुलीच्या आईबापांना पोलिसांत जावयाचें नव्हतें. चार लोकांत बोभाटा नको, हें त्यांचें म्हणणें. तेव्हां कोणीतरी तोड काढली: शाळाशाळांनीं मिळून एक वही ठेवावी, तींत अशा माणसांचीं नांवें लिहावीं, आणि तिची एकेक प्रत प्रत्येक मुख्याध्यापकांपाशीं असावी, म्हणजे अशा माणसास गांवांत कोणी कामावर घेणार नाहीं. सूचना सर्वांस पसंत पडली. वहीच्या पहिल्या पानावर पहिलें नांव लिहिलें गेलें, व त्याखालीं ज्या सह्या झाल्या त्यांत आमचीही एक होती.

पण नांव कोणाचें लिहिलें? गाड्या चालविणारे तिघे होते व ते पाळीपाळीनें येत. मुलीनें नांव सांगितलें नव्हतें, आणि तिला पुन्हां प्रेमानें विचारण्याचें धैर्य कोणासही झालें नाहीं. तिघांपैकीं दोघे ओळखीच्या घराण्यांतले. तिसरा माण तालुक्याकडून पोटासाठीं आलेला, अबोल, जातीनें रामोशी. 'त्यांची जातच तशी' असें उघड कोणी म्हटलें नाहीं; तसें म्हणण्याची चाल आतां सुशिक्षितांत राहिलेली नाहीं. तरी 'तोच असावा' हे शब्द त्या खोलींत ज्या सहजतेनें उमटले, ती सहजता कोठून आली हें आम्हांस पुढें पुष्कळ दिवसांनीं उमगलें.

त्यास कोणीं कांहीं विचारलें नाहीं. 'उद्यांपासून येऊं नका', एवढेंच सांगण्यांत आलें. संध्याकाळीं तो आमच्या दाराशीं आला. "माझं काय चुकलं तेवढं सांगा साहेब, मग जातो," एवढेंच त्याचें मागणें होतें. 'तो संघाचा निर्णय आहे', असें म्हणून आम्हीं दार लावलें.

दिवाळीच्या सुटींत ती मुलगी साताऱ्यास मावशीकडे गेली. मावशी समंजस, तिनें घाई केली नाहीं. दोन-तीन दिवसांनीं मुलगी आपण होऊन बोलली, आणि जें नांव निघालें तें दुसऱ्याचेंच, ओळखीच्या घराण्यांतल्या एकाचें. मावशीनें कोणाची भीड न धरतां तेथल्या तेथें फिर्याद नोंदविली. परंतु मधल्या चार महिन्यांत ती मुलगी त्याच माणसाच्या गाडींतून शाळेस जात होती. नांव वहींत चढलें आहे, आतां भीति नाहीं, असें समजून आम्ही सर्व स्वस्थ झोंपत होतों. चोर सोडून संन्याशाला फांशीं, ही म्हण लहानपणापासून आम्हीं ऐकली होती. पण चोर सुटतो म्हणजे कोणाच्या जिवावर सुटतो, हें तेव्हां प्रथम समजलें.

त्या दिवसांत आम्हांस आमच्या आजोबांची आठवण वारंवार होई. ते सातारा जिल्ह्यांतल्या एका खेड्याचे पाटील. चावडीवर मांग-रामोश्यांची हजेरी होत असे व ती घेण्याचें काम त्यांच्याकडे असे. 'वाईट माणसें नव्हतीं, पण यादींत होतीं', असें ते म्हणत, आणि त्यांत त्यांना कांहीं विपरीत वाटत नसे. ती यादी ज्या कायद्याची, तो १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा. सरकारनें एखादी जमात जाहीर करावी, तींतील माणसांचीं नांवें पटावर चढवावीं, आणि त्या जाहीरनाम्याच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न कोणत्याही न्यायालयांत काढतां येऊं नये, अशी त्यांत तजवीज होती. मनुष्यानें काय केलें हें पाहावयाचें नाहीं, तो कोणाच्या पोटीं आला हें पाहावयाचें. १९११ च्या कायद्यानें ही व्यवस्था मुंबई इलाख्यापर्यंत आली. १९२४ सालीं ती पुन्हां एकत्र बांधण्यांत आली. आणि स्वराज्य आल्यावरही पांच वर्षें टिकून १९५२ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस ती रद्द झाली. वाळव्याचा मुलूख त्या काळीं सातारा जिल्ह्यांतच मोडे. १९४९ सालीं दक्षिण सातारा वेगळा निघाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. त्याच मुलखांतल्या वाटेगांवीं, मांगांच्या घरीं, १९२० सालीं अण्णाभाऊ साठे जन्मास आले. पटावरील नांवामागें माणूस असतो, हें त्यांनीं 'फकिरा'सारख्या कादंबरींतून साऱ्या महाराष्ट्रास दाखविलें. आम्हीं ती वाचली होती, वाखाणलीही होती. आणि वही पुढें येतांच सही केली! आजोबांचा पट कायद्यानें रद्द झाला होता, पण त्याची एक प्रत आमच्या मनांत शिल्लक होती.

आतां कोणी म्हणतील, मुलांच्या बाबतींत पुरावा कोठून आणावा? मूल बोलत नाहीं, घरचे बोलूं देत नाहींत, आणि पुराव्याची वाट पाहतां पाहतां दुसऱ्या मुलाचा बळी जातो. हा आक्षेप खोटा नाहीं. अशा गोष्टी दाबल्या जातात, हें दुःख खोट्या आळांच्या दुःखाहून लहान नाहीं. परंतु संशयितास मुलांपासून तूर्त दूर ठेवणें ही एक गोष्ट, आणि त्याच्या नांवावर कायमचा डाग लावणें ही दुसरी. पहिलीस संशय पुरतो; दुसरीस निर्णय लागतो. त्या दिवशीं आम्हीं तिघांनाही चौकशी होईपर्यंत गाडीवरून उतरविलें असतें, तर मुलगी वांचली असती व निरपराध्यावर डागही आला नसता. आम्हीं सोपें तें केलें: निर्णय आधीं दिला, चौकशी केलीच नाहीं.

आणि मार्ग उपलब्ध नव्हता असेंही नाहीं. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१२ सालचा कायदा सांगतो कीं, ज्यास अशी गोष्ट कळली त्यानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे. न कळविणें हाच गुन्हा आहे. मुलाचा जबाब शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां, मुलाच्या घरीं घ्यावा, आणि मुलाचें नांव वर्तमानपत्रांत येऊं नये, हेंही त्यांत आहे. म्हणजे ज्या बोभाट्याच्या भीतीनें वही निघाली, त्या भीतीचा विचार कायद्यानें आधींच केला होता. २०१८ च्या सप्टेंबरांत केंद्र सरकारनें लैंगिक गुन्हेगारांची जी राष्ट्रीय सूची सुरू केली, ती शिक्षा झालेल्यांची म्हणून. आणि ती पाहण्याची मुभा पोलिसादि यंत्रणांसच आहे. ज्यास तडीपार करावयाचें त्यालाही १९५१ च्या पोलीस कायद्याप्रमाणें आरोपांचें स्वरूप लेखी कळवावें लागतें व त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. गुंडास जो हक्क आहे तो आम्हीं एका गरीब गाडीवानास दिला नाहीं.

ही चूक आमचीच, असेंही नाहीं. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांत मुलांचा छळ करणाऱ्यांची एक मध्यवर्ती सूची आहे. एका दांपत्यावर त्यांच्याच मुलीनें आळ घेतला. न्यायालयानें दोघांस निर्दोष ठरविलें. तरी सूचींतलें नांव निघेना, कारण तें काढण्याची रीतच कोणीं घालून दिली नव्हती. २००९ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें ही व्यवस्था न्यायास सोडून असल्याचें म्हटलें. आपल्याकडेही पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदींत मागास जमातींच्या निरपराध लोकांचीं नांवें केवळ पूर्वग्रहानें यंत्रवत् चढूं नयेत, अशी दक्षता घ्यावी, असें सर्वोच्च न्यायालयास २०२४ च्या मे महिन्यांत सर्व राज्यांना सांगावें लागलें. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षें झाल्यावर!

तो मनुष्य दहिवडीजवळच्या आपल्या गांवीं परत गेला होता. आम्ही क्षमा मागावयास गेलों. त्यानें बसावयास घोंगडी घातली, चहा केला, आमचें बोलणें खालीं मान घालून ऐकलें, आणि शेवटीं एकच विचारलें: "त्या वहीतलं नाव खोडलं का?"

खोडलें नव्हतें. आम्हांस तें सुचलेंही नव्हतें. परत आल्यावर शाळा शाळा हिंडून आम्हीं वह्या मागितल्या. प्रती सहा निघाल्या होत्या. पांच सांपडल्या; त्यांतलें नांव आम्हीं स्वतः खोडलें व खालीं कारण लिहून सही केली. सहावी कोठें आहे हें कोणास सांगतां येत नाहीं.