भिवापुराहून रत्नाकराकडे

आमचे भिवापूर नागपूर जिल्ह्यात, उमरेडच्या पलीकडे वसलेले आहे. त्याची ख्याती मिरचीची. समुद्राशी त्याचा संबंध काय तो मिठापुरता. अध्यापनाच्या काळात आम्ही कित्येक मुलांकडून अमरकोशातील वारिवर्ग घोकून घेतला. अब्धि, अर्णव, उदधि, अकूपार ही नावे आम्हांस झोपेतही म्हणता येतील. परंतु ज्याची ही नावे, तो समुद्र साठी उलटेपर्यंत आम्ही पाहिला नव्हता, हे वाचकांपाशी कबूल केलेले बरे.

तो योग गेल्या वैशाखात आमच्या नातीमुळे आला. ती प्राणिशास्त्र शिकते. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात उन्हाळ्याचे दोन महिने उमेदवारी करण्याची तिला परवानगी मिळाली, आणि घरात खळबळ उडाली. "ज्या घरात कधी अंडे शिजले नाही, त्या घरच्या मुलीने मासे कापावयाचे?" हा तिच्या आजीचा प्रश्न. अखेर आम्ही पोहोचविण्यास जावे आणि जागा मनास न आल्यास मुलीस घेऊन परतावे, असे ठरले. मुलीने ते मुकाट्याने ऐकून घेतले. तिचे ते मुकेपण आम्हांस प्रवासभर टोचत राहिले.

नागपुराहून भुसावळ, कल्याण, पनवेल करीत गाडी कोकण रेल्वेस लागते. हा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला. डोंगर पोखरून केलेले बोगदे मोजता मोजता आम्ही थकलो. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे.

केंद्र झाडगावात आहे. त्याची स्थापना १९५८ सालची; आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तेथील मत्स्यालयातील रंगीत मासे पाहून मन प्रसन्न झाले, देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून थक्क झाले. पण द्रावणात बुडवून बरण्यांत ठेवलेले जीव पाहताच ते खट्टू झाले. परतीची दोन तिकिटे काढावी, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

इतक्यात तेथील एका वृद्ध सेवकाने विचारले, "गुरुजी, उद्या तिथी कोणती?"

"वद्य प्रतिपदा," आम्ही म्हणालो.

"मग दुपारची भरती पाऊण वाजता. म्हणजे सकाळी साडेसहाच्या सुमारास पुरी ओहोटी. पोरीला उजाडता खडकावर न्यायला हवी."

आम्ही चकित झालो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब त्याने आम्हांस समजावून दिला. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, तशी भरतीही मागे सरते. त्यामुळे हे स्थूल गणित जुळते. जन्मभर पंचांग उशाशी ठेवून आम्ही त्यात मुहूर्त तेवढे पाहिले. समुद्र त्यात होता, हे ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी मागे हटले होते आणि काळे खडक उघडे पडले होते. डबक्यांतून समुद्रफुले पाकळ्या उमलून बसली होती. हात लागताच ती मिटत. रिकाम्या शंखात शिरून राहणारा एक चिमुकला खेकडा घरासकट चालला होता. नातीच्या हाती सुरी नव्हती, लाकडी चौकट होती. ती खडकावर ठेवावयाची, आतील प्रत्येक जीव मोजावयाचा आणि वहीत टिपून घ्यावयाचा. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावयाचा, नाहीतर त्याखालचे जीव उन्हाने मरतात. ही शिस्त पाहून आमच्यातील मास्तर सुखावला.

"मासे मात्र कापावे लागतीलच, आजोबा," ती आपण होऊन म्हणाली. "मासा काय खातो, त्याच्या पोटी अंडी केव्हा धरतात, हे आत पाहिल्यावाचून कळत नाही. आपल्या राज्यात जून-जुलै मासेमारी बंद असते ना? असे नियम ठरवायला आधी कोणीतरी हे पाहावेच लागते."

उत्तर देण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. जवळच एक वृद्धा कोयतीने कालवे काढीत होती. आमच्या पायाशी एक मोठा खेकडा आला, तशी ती ओरडली, "बाबा, पाय काढा! कुर्ली हाय ती!"

कुर्ली! अमरसिंहाचा कुलीर आमच्या कानांत घुमला. जो शब्द आम्ही वर्गात कोरडा घोकून घेतला, तो येथे ओल्या खडकावर त्या निरक्षर माउलीच्या तोंडी जिवंत होता. आम्हांस शब्द माहीत होता, तिला जीव माहीत होता. आमच्या नातीस दोन्ही माहीत व्हावयाचे होते. तिला कोणत्या तोंडाने परत न्यावे?

बरोबर आणलेली मिरचीपुडाची पुरचुंडी नातीच्या हाती देऊन आम्ही एकच तिकीट काढले.

घरी आल्यावर आठवडाभर आमच्याशी अबोला होता. मग एके सकाळी स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "अहो, आज षष्ठी ना?"

"होय."

"म्हणजे भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाच्या सुमारास. ऊन फार असेल. पोरीला टोपी घालायला सांगा."