जिप्सीचा हिशेब

परवा ऑफिसात जेवताना टीममधल्या एकाने विचारलं, "जुनी फोर-बाय-फोर घ्यायचीय, हळूहळू मॉडिफाय करीन म्हणतो. सुरुवात कशापासून करू?" मी तोंड उघडलं आणि त्याचा अख्खा लंच अवर खाल्ला. बिचारा डबा न संपवताच मीटिंगला पळाला. तेव्हाच ठरवलं, या शनिवारी हे एकदाचं लिहूनच काढायचं.

तर मंडळी, आमची जिप्सी. २००६ चं मॉडेल, १३०० सीसी पेट्रोल. २०१७ मध्ये घेतली तेव्हा अकरा वर्षांची होती. आमच्या मध्यमवर्गीय घरात "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे वाक्य रोजच्या वरणभातासारखं वाढलं जायचं, त्यामुळे नियम ठरला: महिन्याला पाच हजार, त्यावर एक रुपया नाही. इंजिनियर माणूस, लगेच एक्सेल शीट केली. तारीख, काम, खर्च, शिल्लक. बायकोने ती पाहिली आणि "चला, निदान हिशेब तरी आहे" म्हणून परवानगी दिली.

पहिल्या वर्षाचे एन्ट्रीज आज वाचले की हसू येतं. फॉग लॅम्प. सीट कव्हर. मागच्या दारावर जेरीकॅनचा स्टँड (त्यात जेरीकॅन कधीच ठेवला नाही). पुढे दणकट बुल बार तर मूळ मालकानेच लावून दिला होता, केवढा अभिमान होता त्याचा! डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की असे क्रॅश गार्ड बेकायदेशीर आहेत, कारवाई करा. निघाला. भंगारात विकला, आणि शीटमध्ये पहिल्यांदाच जमेची नोंद झाली :)

मग २०१८ च्या उन्हाळ्यात डोक्यात किडा शिरला: गाडी उंच करायची. जिप्सीला चारही चाकांना पाटे असतात. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं, दुसरं शॅकल नावाच्या लोखंडी दुव्यावर झुलतं. हा दुवा लांब केला की गाडी वर उचलली जाते. लिफ्ट किट परवडत नव्हतं. लांब शॅकल मात्र एका वर्कशॉपमध्ये दोन हजारांत कापून मिळाले. वर दुसऱ्या गाडीचे जरा लांब शॉकअॅब्सॉर्बरही बसवले. गाडी रुबाबदार दिसायला लागली. फोटो काढले, मित्रांना पाठवले, झालं!

इथे थोडं गणित. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी दोन इंच नाही, साधारण एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं आणि अॅक्सल मधोमध. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. दगडावर आधी काय आपटतं? अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा. तो शॅकलने एक सूतही वर जात नाही! तो वर जातो फक्त टायर मोठा झाला तर. म्हणजे मी चेहरा उंच केला होता, पाय तेवढेच होते. शिवाय पुढचा अॅक्सल जरासा पुढे कलल्यामुळे कॅस्टरचा कोन कमी झाला. हायवेवर सत्तरच्या पुढे स्टिअरिंग दारू प्यायल्यासारखं भटकायला लागलं. पण हौसेला मोल नसतं ना, मी म्हटलं सवय होईल.

ऑगस्टमध्ये एका रविवारी आम्ही तिघं वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला गेलो. बायको पुढे, चार वर्षांची लेक मागे झोपलेली. धुकं, भाताची खाचरं, सगळं कसं कॅलेंडरसारखं. येताना मला एक कच्ची उतरंड दिसली आणि अर्थातच गाडी तिकडे वळवली. पावसाने चर पडलेले. एका चरात मागचं डावं चाक चांगलंच खाली गेलं, पुन्हा वर आलं. खाली "टक्" असा बारीक आवाज आला. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला, तर पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. खोल गेलं, पार खोल. गाडी थोडी थबकली आणि पुन्हा सरकायला लागली. उजवीकडे दरी. फार मोठी नव्हती, पण पुरली असती.

तेव्हा काय सुचलं ते आठवत नाही, हाताने काय केलं ते आठवतं. फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. इंजिनने गाडी धरून ठेवली. माणूस चालतो त्याच्या निम्म्या वेगाने आम्ही खाली आलो. दहा मिनिटं असतील. बायको एक शब्द बोलली नाही. तिने मागे हात टाकून लेकीचा पाय धरून ठेवला होता.

खाली उतरून वाकलो. मागच्या अॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज फाटला होता. टायरच्या आतल्या बाजूने ब्रेक ऑइल ओघळत होतं. पुढच्या चाकांचं सर्किट वेगळं, म्हणून तेवढे ब्रेक शिल्लक होते.

गाडी एका वाडीत लावली. त्या घरच्या आजींनी चहा दिला, लेकीला भाजलेल्या शेंगा दिल्या. मग वडापने नसरापूर आणि तिथून एसटीने स्वारगेट. घरी आल्यावर बायकोने फक्त एवढंच विचारलं, "हे तुझ्या शीटमध्ये कुठल्या कॉलममध्ये येतं?"

उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजवाल्या मामांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन गेलो. मामांनी गाडीखाली एक मिनिट पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, अॅक्सल किती खाली जायचा हे आधी शॉक ठरवत होता. तुम्ही तो लांब केला. मग ते काम होजवर आलं. आणि होज बारा वर्षांचा." माझ्या कामात यालाच डिपेंडन्सी म्हणतात. एक लायब्ररी अपग्रेड केली आणि तिच्यावर काय काय टांगलंय ते बघितलंच नाही. ऑफिसात ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. इथे तर टेस्टिंग मी घरच्या माणसांना बसवून केलं होतं.

त्यानंतर मामांनी एकच अट घातली: आधी गाडी कंपनीतून आली तशी करायची, मग बाकीचं. शॅकल आणि शॉक मूळचे आले. सगळे ब्रेक होज नवे. मग पाट्यांचे बुश, किंगपिनचे बेअरिंग, व्हील बेअरिंग, रेडिएटर, वायरिंग. पाच-पाच हजारांनी याला दीड वर्ष लागलं, आणि या सगळ्यातलं काहीही फोटोत दिसत नाही! पण स्टिअरिंग सरळ झालं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत. २०२१ मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंगला नेली, तेव्हा मी निवांत होतो.

मग खरोखर जोडलं ते एवढंच. चांगल्या खाचांचे टायर, पण मूळच्याच २०५/७० आर १५ मापाचे. (२१५/७५ चा मोह झाला होता. व्यास साडेतीन सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियल जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर वर. वर स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो. नको म्हटलं.) हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर. चांगला ओढपट्टा, फावडं. आणि डिफरन्शियलच्या ब्रीदरला लांब नळी, खर्च काही शेकडा रुपये. गरम डिफरन्शियल ओढ्यात अचानक गार झालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. मग ऑइलचा चहा होतो, दुधाचा.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट फुकट आहे: हवा कमी करणं. चिखलात टायर २८ पीएसआयवरून १८ वर आणला की तो जमिनीवर लांबट पसरतो आणि पकड वाढते. शॅकलच्या पैशांनी जे झालं नाही ते व्हॉल्व्हमध्ये काडी खुपसून झालं. फक्त डांबरीवर यायच्या आत पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो आणि वळणावर रिमवरून निसटू शकतो.

स्नॉर्कल लावला का, असं बरेच जण विचारतात. नाही. त्याने इंजिनला श्वास घेता येतो, बस. टनभर वजनाची गाडी जोराच्या पाण्यात तरंगायला लागली की इंजिन चालू असून उपयोग काय?

मागच्या पावसाळ्यात त्याच भागात पुन्हा गेलो होतो. एका ओढ्यापाशी थांबलो. लेक आता मोठी झालीय, तीच काठी घेऊन काठावरून पाणी मोजायला गेली. काठी गुडघ्याच्या वर भिजली, आणि पाण्याला ओढ होती. ती वळून म्हणाली, "बाबा, नको." मी गाडी रिव्हर्सला टाकली. बायकोने डबा उघडला आणि तिथेच झाडाखाली आम्ही थालीपीठ खाल्लं.

शीट अजून चालू आहे. फक्त एक कॉलम वाढवलाय, "याच्यावर काय काय अवलंबून आहे?" तो भरल्याशिवाय खर्चाचा आकडा टाकायचा नाही, हा घरचा नियम. टीममधल्या त्या पोराला आता ही शीटच पाठवतो. सुरुवात कशापासून करू, विचारत होता ना? ब्रेकच्या होजपासून कर म्हणावं.

असो. पाऊस थांबलाय, गाडी धुवायचीय. भेटू पुढच्या शनिवारी.