उल्हासनगर ते बदलापूर : हँडल बदलण्यापूर्वी



कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल विठ्ठलवाडी सोडते आणि मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तीन स्टेशने ओळीने येतात. उल्हासनगर ते बदलापूर हे रेल्वेने सुमारे १० किलोमीटरचे अंतर. गाडीच्या खिडकीतून हा सगळा पट्टा एकच वाटतो. सायकलवरून गेलात तर मात्र तीन वेगळी गावे भेटतात. म्हणून आज आपण सायकलवरूनच जाऊ. बोलायचे आहे तेही सायकलविषयीच.

तुमच्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हा हट्ट तुम्ही ऐकला असेल. साध्या सायकलचे सरळ हँडल काढायचे आणि रेसर सायकलचे, मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल बसवायचे. "हँडलच तर बदलायचे आहे, कितीसा खर्च येणार?" असे ते म्हणतात. संकरित बियाणे प्रथम आले तेव्हा आपणही असेच म्हणत होतो. बियाणे बदलले की खत, पाणी, फवारणी सारेच बदलावे लागते, हे मागाहून कळले. हँडलचेही तसेच आहे.

पहिला मुक्काम उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात. हाताला मिळेल ते काम करून ही माणसे उभी राहिली. येथे कोणतीही वस्तू हुबेहूब बनते आणि तिच्यावर 'यूएसए' असे लिहिलेले असते, म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद सगळ्या मुंबईत चालतो. अशा गावात कारागीर तुम्हाला 'जमणार नाही' असे सहसा म्हणणार नाही. पण ध्यानात ठेवा, सायकलच्या बाबतीत 'बसते' आणि 'चालते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बसवण्याचे पाहू. हँडल ज्या मानेत आवळले जाते तिला कारागीर स्टेम म्हणतात. हँडलची मधली जाडी २५.४, २६ किंवा ३१.८ मिलिमीटर असते. ती स्टेमशी जुळलीच पाहिजे. पत्र्याची पट्टी घालून बसवू नका. शिवाय सरळ हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाड असते आणि रेसर हँडलची २३.८. त्यामुळे जुने ब्रेकचे खटके नव्या हँडलवर चढत नाहीत. तेही नवे घ्यावे लागतात. ब्रेकच्या तारेच्या टोकाचा मणीसुद्धा दोन्ही खटक्यांत वेगळ्या आकाराचा असतो, म्हणजे तारही नवी आली. हँडलची रुंदी खांद्याच्या हाडांएवढी, साधारण ४० ते ४४ सेंटिमीटर असावी.

आता अंबरनाथला चला. एके काळी आगपेट्यांसाठी नावाजलेल्या या गावात वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख तेथे आहे. पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते. बाहेर येऊन भिंतीकडे नीट पाहा. एका दगडाचा भार दुसऱ्याने, दुसऱ्याचा तिसऱ्याने घेतलेला आहे. मधला एकच दगड बदलू म्हणाल तर चालणार नाही.

आजोबांची काळी, उभट सायकल अशीच असते. तिला तारेचे नव्हे, सळईचे ब्रेक. हँडल आणि मान बहुधा एकत्रच जोडलेली. ब्रेकचे रबर चाकाच्या रिमला आतल्या बाजूने दाबते. रेसर हँडल लावायचे तर सळया काढाव्या लागतील. तारेचे ब्रेक लावायचे तर त्यांना दोन्ही बाजूंनी सपाट रिम हवी, म्हणजे चाकेही बदलावी लागतील. मग जुने राहिले काय? ही सायकल दुधाचे कॅन आणि चाऱ्याचा भारा नेण्यासाठी आहे. भार असताना रुंद हँडलच तोल सांभाळते. तिला हात लावू नका.

तारेच्या ब्रेकची, गिअरची सायकल असेल तर विचार करता येईल. तेथे खरा धोका ब्रेकचा. चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब उभे हात असलेले जे ब्रेक असतात, त्यांना व्ही-ब्रेक म्हणतात. ते जास्त तार ओढून मागतात आणि रेसरचे साधे खटके कमी तार ओढतात. मग खटका हँडलला टेकतो आणि सायकल मात्र थांबत नाही. अशा सायकलला जास्त तार ओढणारे खास खटके किंवा आखूड हातांचे व्ही-ब्रेक लागतात. गिअरचा खटका एकेक टप्प्याने चालणारा असेल तर तोही गिअरशी जुळणारा हवा.

शेवटी बदलापूर. टपोऱ्या जांभळांचे आणि उल्हास नदीचे गाव. २०१९ च्या जुलैत येथून जवळच, वांगणीच्या बाजूला, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, इतका पाऊस या भागात पडतो. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक फारच कमी धरतात, ॲल्युमिनियमच्या रिमवर बरे धरतात. सायकलीची परीक्षा कोरड्या दिवशी, रिकाम्या रस्त्यावर घ्या. खटका पूर्ण दाबला तरी हँडलपासून बोटभर अंतर राहिले पाहिजे. हँडलची उघडी टोके बुचाने बंद करा. पडल्यावर ती पोटात घुसतात.

हात कोठे पडतात तेही पाहा. वळलेल्या हँडलमुळे हात पुढे जातात, पाठ ताणते. म्हणून स्टेम आखूड घ्यावा लागतो.

मग हे हँडल कशाला? लांबच्या प्रवासाला. हात धरायला तीन-चार जागा मिळतात, तळवे बधिर होत नाहीत, वाकल्यामुळे समोरचा वारा कमी लागतो. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली. असल्या अंतरांना या हँडलचे मोल कळते. घरापासून स्टेशनपर्यंतच्या चार किलोमीटरांना सरळ हँडल पुरेसे आहे.

तेव्हा मुलाला नाही म्हणू नका, हो म्हणण्याचीही घाई करू नका. त्याच्याच हाती कागद-पेन्सिल द्या. हँडल, स्टेम, ब्रेकचे खटके, तारा, गिअरचे खटके, फीत आणि मजुरी यांची बेरीज करायला सांगा. जुनी सायकल विकून वापरलेली रेसर स्वस्त पडते असे पुष्कळदा दिसते. तरीही हँडलच बदलायचे ठरले, तर पैसे आधी ब्रेकसाठी बाजूला ठेवा. भाताचे पीक गेले तर पुढच्या खरिपात भरून निघते. पोराचे तसे नाही.