आरशातली आई

आईच्या आवाजाच्या अकरा कॅसेट आमच्याकडे होत्या. सांडग्यांचे प्रमाण, नातेवाइकांच्या उखाळ्यापाखाळ्या आणि मधूनमधून “साकु, साकु! बंद कर ते!” आमच्या बेळगावच्या घरात कानडी शब्द पाहुणा नव्हता, घरचाच होता. आई गेल्यावर फिती खराब होऊ लागल्या. मी सगळे संगणकात उतरवले, फिती टाकून दिल्या आणि दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क आणल्या.

पुण्याहून मुलाने फोनवर विचारले, “बाबा, पट्टे करायचे की आरसा?”

पट्टे म्हणजे फाइलचे तुकडे करून दोन्ही डिस्कवर वाटायचे. जागा चार टीबी, वेगही जास्त. पण एक डिस्क गेली की दुसरीवरचे तुकडे फाटक्या नोटेसारखे. आरसा म्हणजे लिहिलेले सारे दोन्हीकडे. जागा मात्र दोनच टीबी. अमेरिकेतील बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या निबंधात अशा रचनांना ‘रेड’ हे नाव देऊन त्यांच्या पायऱ्या मांडल्या. दोनाचे पैसे मोजून एकाचीच जागा! माझा मध्यमवर्गीय जीव हळहळला, तरी आरसाच केला.

तीन वर्षांनी एक डिस्क खरेच गेली. नवी बसवली. जुनीवरचे सारे रात्रभर नवीवर उतरत राहिले. सकाळी आई जशीच्या तशी! भेटेल त्याला मी आरशाचे पुराण सांगू लागलो.

पुढच्या दिवाळीआधी साफसफाईचे वारे अंगात शिरले. दोन फोल्डर सारखेच वाटले, म्हणून एक कायमचा पुसला. तो आईचा निघाला. धावत दुसरी डिस्क पाहिली. पण आरसाच तो! समोरचे माणूस उठून गेल्यावर आरशात कोण उरणार? पुसण्याचा हुकूमही त्याने त्याच क्षणी इमानाने पाळला होता.

घरात कुणाला सांगण्याचे धैर्य झाले नाही. भाऊबीजेला धारवाडला अक्काकडे गेलो. चप्पल काढतो तोच आतून आवाज आला, “साकु, साकु! बंद कर ते!” मी उंबऱ्यातच थबकलो.

“अरे, तूच नाही का पेनड्राइव्ह दिला होतास?” अक्का म्हणाली. “नातवंडं रोज लावतात. मराठी अर्धीच कळते त्यांना, पण ‘साकु’ आलं की हसत सुटतात.”

आरसा अजूनही माझ्याकडे आहे. डिस्कच्या मरणापासून तो आईला राखतो. माझ्या हातापासून मात्र तिला धारवाडच्या त्या पोरांनी राखले.